काचेची शोभा

व्होस येणार म्हटल्यावर आमचे साहेब इंजिनिअर माफेइस यांनी सगळ्यात आधी माझा रसायनं कालवायचा डबा कपाटात टाकला. प्लास्टिकचा, पिवळा पडलेला, झाकणाला चिकटपट्टी. पाहुण्यांसमोर असलं ध्यान नको, म्हणाले. नोव्हाराच्या भातशेतांकडची आमची प्रयोगशाळा. इथे घरात चूल थंड असली तरी माणूस बूट चमकवूनच बाहेर पडतो. माफेइस तर अंत्यविधीलाही आरशात बघून जायचे. त्यांनी मिलानोहून कोरी काचभांडी मागवून ओळीत मांडली. मीही त्यांतच करायला तयार झाले. भांडं कुठलंही असो, हात तर माझेच आहेत, असं वाटलं मला.

व्होस हा जर्मन कंपनीचा रसायनतज्ज्ञ. त्या कंपनीला कारखाना उभारायचा होता, तोही माझ्या पांढऱ्या पावडरीच्या भरवशावर. सिलिकाच्या सच्छिद्र स्फटिकात मधूनमधून सिलिकॉनच्या जागी टायटेनियम बसवता येतं, असं माझं म्हणणं. ते नीट बसलं की प्रोपिलीन वायूला ऑक्सिजन जोडून फोमच्या गाद्यांचा कच्चा माल करायला हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं, तेच, ज्यानं न्हावी बायकांचे केस सोनेरी करतात. क्लोरीन नको, नदीत सोडायला विषारी सांडपाणी नको. व्होसच्या लोकांनी माझी कृती जशीच्या तशी करून पाहिली आणि त्यांना काहीच मिळालं नाही. टायटेनियम आत बसत नाही, बाई थापा मारतात, असं त्यांनी कळवून टाकलं. आता व्होसच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचं होतं. फसलं तर काम बंद, आणि खोटारडी हे नाव कायमचं कपाळी.

तीव्र अल्कलीत सिलिका कालवली, टायटेनियम थंड ठेवून थेंबथेंब सोडलं, पोलादी भांड्यात उकडलं, भाजलं. पावडर दिसायला नेहमीसारखीच झाली. बंद पात्रात पेरॉक्साइड आणि प्रोपिलीनबरोबर ती सोडली की वायू खपत जातो आणि दाबाचा काटा खाली येतो. त्या दिवशी काटा वर चढला. पेरॉक्साइड नुसतंच फुटून ऑक्सिजन होत होतं. व्होसनं कोट चढवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माफेइसांनी मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"असं कर, आधीच्या मोजमापात तुझी चूक झाली होती म्हणून सांग. चूक कुणाकडूनही होते. तुला मी दुसऱ्या विभागात घेतो."

"झाली असती तर सांगितलं असतं."

"लोरेदाना, हट्ट सोड."

"साहेब, मला माझ्याच तोंडानं खोटी ठरवायला सांगताय? ते काम व्होस फुकटात करतोय की."

राग आला की मी भांडी घासते. जिच्यात अल्कली आठवडाभर ठेवली होती ती नवी काचेची बाटली घासायला घेतली. बूड काही केल्या स्वच्छ होईना. खिडकीशी नेऊन पाहिलं तर आतला भाग धुरकटलेला. नखानं खरवडलं, तरी काही निघेना. डाग नव्हताच तो, काचच खाल्ली गेली होती. काचेतलं सोडियम माझ्या बिनसोडियमच्या अल्कलीत उतरलं होतं, आणि ते असलं की टायटेनियमला बसायला जागा मिळत नाही. काचभांड्यांसाठी पैसे मिळत नाहीत म्हणून मी इतकी वर्षं प्लास्टिकमध्ये करत होते. आमच्या गरिबीनंच मला तारलं होतं. हसू आलं, मग असा संताप आला की बाटली तशीच ओली घेऊन मी जेवणघरात शिरले.

गाडीला वेळ होता, म्हणून व्होस आणि माफेइस रिसोत्तो भात खात होते. बाटली मी व्होसच्या ताटाशी आदळली.

"उजेडात धरा. तुमच्या लोकांनी कशात केलं होतं?"

"काचेत," तो म्हणाला. "अर्थातच."

माफेइसांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढला नाही.

"मग मी खोटी की तुमची भांडी, ते माझ्या डब्यात ठरवू. तोवर गाडी पकडायची नाही."

त्यानं बाटली फिरवून फिरवून पाहिली, आणि निघायचं रहित केलं. माफेइस तोंड वाकडं करून म्हणाले, निदान ती चिकटपट्टी तरी काढ. मी काढली नाही.

नवी अल्कली आणली ती प्लास्टिकच्या कॅनमध्ये, आणि माझ्या डब्यात कालवण्यापासून पुन्हा सगळं केलं. पात्र बंद केलं आणि काट्याकडे बघत उभी राहिले. काटा जरा थबकला, आणि खाली यायला लागला. येतच राहिला. व्होस चष्मा पुसून पुन्हा बघत होता.

मग तो उठला आणि हात पुढे केला, तो सवयीनं माफेइसांकडे. साहेबांनी टाय सारखा केला. त्यांचा हात पोचायच्या आत मी डबा उचलून व्होसच्या पसरलेल्या पंज्यात ठेवला.

"घेऊन जा," म्हटलं. "तुमच्या लोकांना यात करून बघू दे. आणि मला खोटी म्हणणाऱ्यानं स्वतः धुऊन परत पाठवायचा."