भिकोबा तारमास्तरची फाशी

तिसरा सिनेमा संपला तेव्हा नागसेनच्या कपाळाची शीर उडत होती. नायकाने एकट्याने शत्रूची पाणबुडी उडवली होती, आणि वडशाच्या नाटक मंडळीच्या हापिसात मालक बाबुलाल टाळ्या वाजवत होते.

"हा धमाका आपल्याले पायजे, नागसेन भाऊ. गावच्या मंडईत लोक खुर्च्यावर उभे रायतीन!"

"पण कादंबरीत पाणबुडी नाहीच ना जी."

"नसन. सिनेमात आहे ना."

नागसेन शाळेत मराठी शिकवायचा आणि दर वर्षी दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांसाठी बाबुलालला एक नाटक लिहून द्यायचा. सासू-सुनांची, व्यसनी नवऱ्यांची नाटकं लिहून तो कंटाळला होता. त्यामुळे "या सिझनले हेरगिरी करू," असं बाबुलालनीच म्हटल्यावर त्याने त्याच दिवशी कपाटातून 'पाण्याखालची तार' काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. अकरावीत असताना त्याने ती पहिल्यांदा वाचली होती आणि त्यानंतर किती वेळा, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गोष्ट महायुद्धाच्या काळातली. मुंबई बंदरातून जहाजं कधी सुटतात हे शत्रूला कळत असतं. कारखानीस नावाचा हुशार अधिकारी शोध घेतो आणि भिकोबा नावाच्या गरीब तारमास्तरला पकडतो. पुरावे जुळतात. भिकोबाला फाशी होते, कारखानीसला पदक मिळतं. आणि शेवटच्या पानावर आणखी एक जहाज बुडतं. म्हणजे खबर देणारा दुसराच कोणी होता. तो कोण, हे कादंबरी सांगत नाही.

बाबुलालनी पुस्तक उघडलंच नाही. "तीन सिनेमे आहेत ना याच्यावर? ते पाहून घेऊ," म्हणाले.

पहिला जुना, काळापांढरा. त्यात भिकोबा खरोखरच हेर निघतो, आणि कारखानीस सुरुवातीपासून बरोबर असतो. दुसरा रंगीत हिंदी. त्यात भिकोबाचा जुळा भाऊ हेर असतो, भिकोबा कोर्टातून सुटतो आणि बायकोबरोबर पावसात नाचतो. तिसऱ्या, नव्या सिनेमात भिकोबा नावाचा माणूसच नाही. नुसत्या बंदुका.

"तिघांनीही एकच गोष्ट टाळली," नागसेन चिडून म्हणाला. "चुकीच्या माणसाला फाशी झाली, हे एकालाही दाखवता आलं नाही. आपण दाखवू."

"आणि प्रेक्षक घरी काय घेऊन जातीन? तोंड उतरवून?" बाबुलाल हसले. "पहिल्यातला रेल्वेचा सीन घ्या, दुसऱ्यातलं गाणं घ्या, तिसऱ्यातला धमाका. झालं नाटक."

नागसेन बाहेर पडला. आपलं म्हणणं एका माणसाला नक्की पटेल असं त्याला वाटत होतं. मंडळीची नायिका करिष्मा. तिने पुस्तक त्याच्याकडून मागून नेलं होतं आणि दोन दिवसांत वाचून परत आणलं होतं. शिवाय ती एटापल्लीकडची, नक्षल्यांच्या मुलखातली. तिकडे एखाद्यावर पोलिसांचा खबऱ्या असल्याचा संशय आला की काय होतं, हे तिला वेगळं सांगायला नको.

ती मागच्या पडवीत गाण्याची तालीम करत होती. नागसेनने तिला सगळं सांगितलं. "तू बाबुलाल भाऊंना सांग. भिकोबाच्या बायकोचं काम तुझंच आहे. नवऱ्याला फाशी होते तो प्रवेश तू असा करशील की..."

"मी नाई करणार, सर."

"काऊन?"

"तुमाले ते पुस्तक आवडते. मी वाचून राह्यली होती तं मले भिकोबाच्या जागी बाबाच दिसे."

नागसेनला एवढंच ठाऊक होतं की तिचे वडील राइस मिलमध्ये चौकीदार आहेत. पुढचं तिने तेव्हा सांगितलं. ती लहान असताना आईला बाळंतपणात रक्त जाऊ लागलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती, म्हणून वडिलांनी पोलिसांची गाडी थांबवली आणि आईला दवाखान्यात नेलं. आई वाचली. पण गावात कुजबुज सुरू झाली की लटारू पोलिसांच्या गाडीत बसला, काहीतरी सांगितलं असणार. दुकानदार सामान देईना. भाऊबंद बोलेनात. मग एका सकाळी धानाचं उभं शेत टाकून ते सगळे वडशाला आले.

"म्हणूनच तर हे नाटक व्हायला पाहिजे," नागसेन म्हणाला. त्याचा आवाज नको तेवढा चढला.

"मंग तुमीच बाबाले विचारा."

रविवारी सकाळी तो तिच्या घरी गेला. लटारू भाऊ अंगणात खाट टाकून बसले होते. त्यांनी चहा मागवला. मुलीच्या मोबाइलवर त्यांनी तिन्ही सिनेमे पाहिले होते, आणि पुस्तकाचा शेवट तिने त्यांना वाचून दाखवला होता.

"पहिला सिनेमा मले नाई आवडला जी," ते म्हणाले. "त्याच्यात भिकोबाच चोर. म्हणजे लोकं म्हणत होते थेच खरं. तिसऱ्यात तं बिचारा आहेच नाई. दुसरा चांगला."

"तो जुळ्या भावाचा?" नागसेनला धक्काच बसला. "तो तर सगळ्यात खोटा आहे, लटारू भाऊ!"

"असन खोटा. पण त्याच्यात जज साहेब सगळ्यायसमोर म्हणते, हा माणूस निर्दोष आहे. मी तेवढाच सीन चार-पाच खेपा पाह्यला." त्यांनी चहा नागसेनपुढे सरकवला. "माह्याबद्दल असं कोणीच म्हटलं नाई. आजवर."

"पण पुस्तकातही तो निर्दोषच आहे ना! वाचणाऱ्याला शेवटी कळतं."

"कळते. पण त्याले कळते का? तो तं मेला."

नागसेन वाद घालत राहिला. निर्दोष माणूस सुटला तर लोक निवांत झोपी जातील, तो मेला तरच त्यांना आपली चूक टोचेल, असं त्याने परोपरीने सांगितलं. लटारू भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मान हलवून म्हणाले, "तुमचं चूक नाई. पण मी तिकीट काढून ते पाह्यले येणार नाई."

परतताना नागसेन सायकल हातात धरून चालतच आला. त्याचा राग कोणावर होता हे त्याचं त्यालाच कळेना. पुस्तकच बरोबर आहे, हे त्याला अजूनही वाटत होतं. पण ती खाट आणि तो थंड झालेला चहा डोळ्यांपुढून हलत नव्हता. आठवडाभर त्याने शेवटचा प्रवेश लिहिला आणि फाडला. अखेर त्याने भिकोबाला सोडवलं. न्यायाधीशाच्या तोंडी तो निर्दोष असल्याची दोनच वाक्यं घातली, आणि ती समोर बसलेल्या गावच्या लोकांना उद्देशून आहेत असं कंसात लिहिलं.

वाचन झालं तेव्हा करिष्मा त्या वाक्यांच्या जागी पदर सारखा करत राहिली. बाबुलाल मात्र खूश झाले.

"पाहा, आले ना लायनीवर! आता कोर्टानंतर पावसाचं गाणं."

"गाणं चालेल," नागसेन म्हणाला. "पण जुळा भाऊ मी घालणार नाही. खरा हेर सापडत नाही, हे तरी राहू द्या."

"अरे बापा!" बाबुलालनी कपाळाला हात लावला. "त्या डबल रोलसाठी मी आपल्या हिरोले, गोपालले, कालच ॲडव्हान्स देऊन बसलो! पोस्टरवर त्याचे दोन फोटोही छापले!"