डाव्या पायाखालचा क्लच

मी एका तांबड्या, दोन आसनी, शर्यतीच्या मोटारीचा क्लच बोलतोय. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाखाली जी लोखंडी पट्टी असते, तीच मी. मला दाबल्याशिवाय गिअर पडत नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरांनी माझी स्प्रिंग फार कडक ठेवली आणि मला त्याचा ताठाही चढला. बोटीने, मग आगगाडीने सोलापूरला आलो आणि १९३४ साली एका मोटारींच्या दुकानात उभा राहिलो.

एक दिवस मैंदर्गीचे शेंगांचे व्यापारी रुद्रप्पा आपल्या बायकोला, गुरम्माला, घेऊन आले. लहानपणच्या तापाने रुद्रप्पांचा डावा पाय बारीक राहिला होता. तरी थोरल्या भावाची मोटार ते झकास चालवायचे. तिचा क्लच हलका होता.

"मोटारीत बसलो की माझं लंगडणं कुणाला दिसत न्हाय," गाडीत बसताना ते गुरम्माला हळूच म्हणाले.

दुकानातल्या धोंडीरामने इंजिन सुरू केलं. रुद्रप्पांनी मला दाबलं. मी अर्ध्यावरच अडलो. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"अण्णा, पायात जोर नसंल तर डायवर ठेवा की!" धोंडीराम मोठ्यानं म्हणाला. दारातली माणसं हसली, तोही हसला.

माझा ताठा तिथंच गळाला. खाली जावं म्हणून मी धडपडलो, पण स्प्रिंगपुढे माझं काय चालणार?

तेवढ्यात डावीकडे बसलेल्या गुरम्मानं लुगडं सावरून आपला उजवा पाय नवऱ्याच्या पायावर ठेवला.

"काढ पाय. लोक बघायलेत."

"बघू द्यात की. तुमी म्होरं बघा."

दोन पायांखाली मी मुकाट्यानं खाली गेलो. आवारात गाडीची एक फेरी झाली. थांबल्यावर धोंडीराम धावत आला.

"घ्याच, अण्णा! स्प्रिंग सैल केली की क्लच हलका हुतोय."

"म्हंजे, करता येत हुतं व्हय?" रुद्रप्पांनी विचारलं. "मग हसलासा कशाला?"

रुद्रप्पा उतरले आणि सगळ्यांदेखत, जराही घाई न करता, लंगडत दारापर्यंत गेले. गुरम्मा त्यांच्या बरोबरीनं चालली. टांगा करून दोघं निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी माझी स्प्रिंग सैल झाली. आता जो तो मला दाबून म्हणतो, "काय मऊ क्लच हाय!" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मोटारी विकणाऱ्यांनो, गिऱ्हाईक बसलं की एवढंच विचारा, "जड जातंय का?" तेही हळू आवाजात.

तो बारीक पाय माझ्यावर पुन्हा कधी पडला नाही.