दोन दणक्यांमधलं बोलणं

"कट" झालं आणि नटीने डोळे पुसले. पुन्हा एकदा ती सुरेख रडली होती. हुंदका नाही, नाक लाल नाही. दोन थेंब गालांवरून शहाण्यासारखे उतरले आणि हनुवटीशी येऊन थांबले. सगळ्यांनी मान डोलावली. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या काकूंच्या मात्र ते रडणं काही घशाखाली उतरेना, कारण ती नटी या सिनेमात काकूंचंच काम करत होती.

"मी अशी कधी रडले रे?" त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं.

"सिनेमा आहे आई. थोडं इकडचं तिकडे होणारच."

हा मुलगा म्हणजे रॅपर ठिणगी. तरुण पोरांना हे नाव सांगावं लागत नाही, आणि त्यांच्या आईबापांना ते ऐकून ऐकून नाइलाजाने पाठ झालेलं आहे. तो माइक घेऊन उभा राहिला की मैदानं भरतात. त्याच्याच आयुष्यावर हा सिनेमा निघत होता आणि त्यासाठी त्यांचं जुनं घर स्टुडिओत हुबेहूब उभं केलं होतं: तोच अरुंद जिना, त्याच समोरासमोरच्या खिडक्या, भिंतीला तीच ओल. काकू अजून त्याला बारक्याच म्हणत. घरात ठिणगी म्हटलं की त्यांना शेगडीच आठवे.

सिनेमाची गोष्ट साधी होती. बाप ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. तो लवकर गेला, पण जाताना आपली कला पोराच्या रक्तात ठेवून गेला. आई बिचारी दाराच्या चौकटीला टेकून डोळे टिपत राहिली. बारक्याने आजवर प्रत्येक मुलाखतीत हेच सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटायचं.

काकूंना हे लागायचं. नवऱ्याचं कौतुक झालं म्हणून नव्हे. नवरा गुणीच होता. पण तो इतका अबोल होता की मीठ हवं असलं तरी नुसता हात पुढे करायचा. घरात शब्द म्हणून जे काही होतं ते सगळं काकूंचं, आणि पोराने ते बापाच्या नावावर लावून टाकलं होतं. पण स्वतःची टिमकी स्वतःच कशी वाजवायची, आणि तीही पोटच्या पोरापुढे? म्हणून काकू गप्प राहिल्या. एरवी गप्प राहणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं.

त्याला कारण त्यांची नोकरी. काकूंचा उभा जन्म इस्पितळाच्या लाँड्रीत गेला. चादरींना इस्त्री करणारं एक अवाढव्य यंत्र तिथे होतं. त्याची वरची पाटी खाली आली की असा दणका बसायचा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. मग पाटी वर जाई, वाफ सुटे, आणि पुढच्या दणक्यापर्यंत जेवढी फट मिळेल तेवढ्यात बोलून घ्यायचं. पाल्हाळ लावलं तर नेमका मोक्याचा शब्द दणक्याखाली चिरडला जायचा. त्यामुळे तिथल्या सगळ्या बायका छोटं, नेमकं बोलत आणि शेवटचा शब्द दणक्याच्या अगदी तोंडावर आपटत. सासूची तक्रार असो की साहेबांची नक्कल, सगळं याच मापात बसवायचं. काकू त्यात इतक्या पटाईत की लाँड्रीत त्यांना सगळे रेडिओ म्हणत. घरी येऊनही ती सवय सुटायची नाही. पोराला झापायचं तेही एका दमात नाही, तर मध्येमध्ये दणक्याएवढी जागा सोडून.

पुढच्या प्रसंगात तरुण ठिणगी जिन्यात बादली बडवत गातो आणि समोरच्या खिडकीतून शेजारीण त्याच्यावर ओरडते, असं होतं. शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंचा घसा नेमका त्याच दिवशी बसला. दिग्दर्शिका तरुण होती, पण भलतीच खमकी. तिने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर काकूंवर येऊन थांबली.

"काकू, तुम्ही उभ्या राहाल का खिडकीत? एकच वाक्य आहे. 'ए, आवाज बंद कर, घर आहे की बाजार?' बस, एवढंच."

"घ्या आईला," बारक्या हसत म्हणाला. "ओरडायचा दांडगा सराव आहे तिला."

काकू खिडकीत उभ्या राहिल्या. स्टुडिओत चिडीचूप झालं. जिन्यातल्या नटाने बादली बडवली, गायला, आणि थांबला. काकूंनी वाक्य म्हटलं, पण शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं.

"काकू, थोडा राग येऊ दे," दिग्दर्शिका म्हणाली.

दुसऱ्यांदा तर त्याहून वाईट झालं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. काकूंचे कान गरम झाले. साऱ्या जन्मात त्यांनी अशा शांततेत कुणाला झापलंच नव्हतं.

"राहू दे आई," बारक्या मऊ आवाजात म्हणाला. "दुसरं कुणीतरी करेल. तू ये खाली, चहा घे."

त्याच्या आवाजातली ती कीव काकूंना हसण्यापेक्षा जास्त झोंबली. त्याच्या गोष्टीत आपण एक तर रडायचं, नाहीतर चहा घ्यायचा?

"तू बस तिथे," त्या म्हणाल्या आणि खिडकीखाली उभ्या असलेल्या दिवेवाल्याकडे वळल्या. "दादा, ती लोखंडी पेटी आहे ना, तिच्यावर हातोडा मारत राहाल? एक मारा, दम घ्या, की पुन्हा मारा."

दिवेवाल्याने दिग्दर्शिकेकडे पाहिलं. तिने खांदे उडवले आणि मारा म्हणून खूण केली.

दण.

"पाणी भरायला बादली दिली, तीच बडवून चेपवली!"

दण.

"शाळेत शेवटचा बाक, घरात एवढं वर नाक!"

दण.

"खिशात नाही दमडी, म्हणे सोलीन जगाची चमडी!"

आता कुणी हसत नव्हतं. काकूंचे हात कमरेवर गेले होते, मान ताठ झाली होती, आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द हातोड्याच्या आधी केसभर अंतरावर येऊन पडत होता. शेजारीण, सिनेमा, कॅमेरा सगळं त्या विसरल्या. समोर जिना होता आणि जिन्यात पोरगा होता, तेवढं पुरेसं होतं.

दण.

"बोलायचं तर खणखणीत बोल, पुटपुटतो तो मातीमोल!"

बारक्या ताडकन उठला. ही ओळ त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची. भरलेलं मैदान ती त्याच्याबरोबर गरजून म्हणायचं. आपल्याला ती एका सकाळी आपसूक सुचली, असंच तो इतकी वर्षं समजत होता.

तो सरळ जिन्यात गेला. तरुण नटाला त्याने हलकेच बाजूला केलं आणि वर खिडकीकडे पाहिलं. दिवेवाला शहाणा, त्याने हात थांबवला नाही.

"एवढी ओरडतेस, दमत कशी नाहीस?"

दण.

"दमायला सवड तू जन्मल्यापासून दिली नाहीस!"

दण.

"मोठा होईन, गाडी घेईन!"

दण.

"आधी बादली घे, मग गाडी घे!"

दण.

बारक्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण अर्धा श्वास उशीर झाला आणि त्याचा शब्द हातोड्याखाली सापडला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. काकू वरून वाट बघत उभ्या होत्या, घाई काहीच नव्हती. शेवटी ठिणगीने दोन्ही हात जोडले. तो हसत होता आणि त्याचं नाक चांगलं लालभडक झालं होतं. सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवायला लागला. दिग्दर्शिका 'कट' म्हणायचंच विसरली होती, त्यामुळे कॅमेऱ्याने सगळं टिपलं.

काकू खाली आल्या.

"आई, मी सगळीकडे बाबांचंच सांगत फिरलो गं," बारक्या म्हणाला.

"त्यात काय खोटं? ताल त्यांचाच होता."

"आणि शब्द?"

"शब्द माझे," काकू म्हणाल्या. इतकी वर्षं अडलेलं वाक्य, पण बाहेर पडलं ते किती सहज. त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

दिग्दर्शिका जवळ आली. "काकू, मग गोष्ट फिरवायला हवी. बाबांचा ड्रमचा प्रसंग काढू?"

"का म्हणून? घर दोघांचं होतं. त्यांचा ड्रम राहू दे. या बाईंचं रडणं तेवढं काढा."

सगळ्यांत आधी नटीच हसली. "सुटले बाई. त्या ग्लिसरीनने डोळ्यांची आग झाली माझ्या. पण काकू, हे असं बोलणं मला जमेल?"

"तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन."

"मग न जमायला काय झालं?"

नव्या प्रसंगाची मांडामांड सुरू झाली. माणसं दिवे हलवू लागली, खिडकीतला कॅमेरा दाराशी आला. बारक्याची खुर्ची समोरच होती, पाठीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ती त्याने स्वतः उचलून आणली, आईपुढे ठेवली आणि तिच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसला. काकूंनी नको-नको वगैरे काही केलं नाही. त्या बसल्या, चांगल्या ऐसपैस, पाठ टेकून.