टेप ताणत नाही

शिवणकाम करणाऱ्या बाईचा टेप हरवला की तिचे हातच बांधले जातात. त्या दुपारी बालवाडीच्या बाई बाहीचं माप द्यायला हात पसरून उभ्या, आणि टेप गायब! सकाळी इलॅस्टिकची गुंडाळी नाहीशी झाली होती, रिकामी रिळं कालपासून दिसत नव्हती.

"खुडबुडे!" कपडे शिवणाऱ्या आईनं दात-ओठ खात हाक मारली.

खुडबुडी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. ती आतल्या खोलीत टेबलाखाली पालथी पडली होती. तिथंच पाय मोडून पलंगावर पडलेले सासरे दिवसभर भिंतीवर काठी आपटून सुनेला बोलवायचे. दाराला लागून असलेल्या त्यांच्या उशापासून टेप निघाला होता. खुर्चीच्या पायाला अडकवलेल्या रिळावरून वळून तो दारापलीकडच्या स्वयंपाकघरात जेमतेम पोचला होता. तिथं टोकाला दोन झाकणं लटकत होती.

"अगं, इलॅस्टिक काय कमी होतं, म्हणून टेपही घेतलास?"

"इलॅस्टिक नुसतं लांब होतं," खुडबुडी वैतागून म्हणाली. आईला एवढंही कळू नये! "आजोबा ओढतात, ओढतात, पण झाकण हलतच नाही. दोरा तुटला. टेप ताणत नाही."

"आणि रीळ कशाला?"

"कोपऱ्यावर घासतं ना."

दारात आलेल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "इंजिनिअर होणार हो तुमची लेक!"

"होईल तेव्हा होईल. तोवर माझं दुकान बंद पडेल त्याचं काय?"

आईनं टेपाला हात घातला, तशी खुडबुडीनं त्यावर बसकणच मारली. रागावून झालं, समजावून झालं, दारात बाई ताटकळल्या. शेवटी आईनं हार मानली. कपाटातून पडद्याची जाड दोरी काढून तिच्यापुढे टाकली. खुडबुडीनं दोन्ही हातांनी ती ओढून पाहिली, पुन्हा ओढली, आणि मग टेप सोडला.

जेमतेम एक बाही मोजून झाली असेल, तोच स्वयंपाकघरात झाकणं खणखणली. आई हातातलं टाकून धावली.

"काय हवंय, बाबा?"

"काही नाही गं," सासरे खुशीत म्हणाले, "वाजतंय का ते बघत होतो."

ती वळते न वळते तोच झाकणं पुन्हा वाजली.