संचालकांची सहल

करंजदऱ्याच्या दूध सोसायटीत त्या साली दूध सोडून सगळं होतं. दुष्काळानं म्हशी आटल्या होत्या, कॅन उपडे पडले होते, पण संचालक सातच्या सात शाबूत होते आणि चेअरमनची निवड तोंडावर आली होती. सुंदरराव गेली कित्येक वर्षं चेअरमन. आता त्या खुर्चीत काय राहिलंय, असं कुणी म्हणालं की त्यांना राग यायचा. गुरांची छावणी सोसायटीकडं येणार होती, हे एक होतंच. दुसरं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोरंटोरं, व्याही, जावई, एवढंच काय, बायकोसुद्धा त्यांना 'चेअरमन' म्हणायची. ती हाक गेली तर मागं उरेल तो माणूस कसा असेल, याची त्यांना खरोखर धास्ती वाटत होती.

त्यांच्याकडं स्वतःला धरून चार मतं, आप्पारावाकडं तीन. एक फुटला की कारभार आटोपला. शेजारच्या गावच्या चेअरमननं मागं आपले संचालक जीपमध्ये कोंबून परळी वैजनाथाला नेले होते आणि दर्शन घडवून थेट मतदानाला आणून उतरवले होते. सुंदररावांकडं जीप नव्हती, पण डोंगर घरामागंच होता. निवड दुपारी तीनला. तोवर आपली माणसं डोंगरात फिरवायची, आप्पारावाच्या नजरेला पडू द्यायची नाहीत आणि उतरलं की थेट सोसायटीत शिरायचं, असा बेत त्यांनी मनाशी पक्का केला.

उजाडताना तिघांना त्यांनी दारात जाऊन उठवलं. बद्रीनाथ किराणा दुकानदार, अंगानं भरलेला. दुकानाच्या उंबऱ्यापलीकडं चालणं त्याला माहीत नव्हतं. हरिबाचा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं मेंढरं नसताना चालायचं म्हणजे त्याला सुट्टीच वाटली. बायनाबाई बायकांच्या राखीव जागेवरची. कुठं जायचं, असं तिनं विचारलं. निसर्ग बघायला, असं उत्तर मिळाल्यावर ती आत जाऊन दोन भाकरी जास्त बांधून घेऊन आली.

निसर्गही त्या साली बघण्यासारखा उरला नव्हता. सीताफळाची झाडं नुसत्या काटक्या होऊन उभी होती. पळस तेवढा लाजलज्जा सोडून लाल फुलला होता. बद्रीनाथ पहिल्याच चढाला बसला आणि उठायला तयार होईना. बायनाबाई धावड्याचं झाड दिसलं की थांबायची आणि डिंक खरवडून पदरात बांधायची. हरिबा भराभरा पुढं जाऊन टेकाडावर उभा राहायचा, मग सुंदरराव त्याला हाक मारून मागं बोलवायचे, कारण पुढं जाणारा माणूस आणि फुटणारा माणूस पाठीमागून सारखाच दिसतो. ते दर वळणावर डोकी मोजत होते. बद्रीनाथ डबा घेऊन झुडपाआड गेला, तर सुंदरराव अलीकडं उभं राहून खोकत राहिले आणि पलीकडून उत्तरादाखल खोकला आल्याशिवाय हलले नाहीत. शेरडं वळणारी एक म्हातारी भेटली, तिच्याशी हरिबाला त्यांनी बोलू दिलं नाही. म्हातारी आप्पारावाच्या आत्याच्या गावची निघाली तर काय घ्या?

त्यात त्यांनी विजयाच्या मिरवणुकीसाठी घेतलेल्या कोऱ्या वहाणा आजच घातल्या होत्या. दुसऱ्या डोंगरावर दोन्ही टाचा सोलल्या. ऊन तापलं, पाणी संपलं, आणि बद्रीनाथ म्हणाला की पाणी मिळालं नाही तर तो मताला जिवंत पोचणार नाही. ही गोष्ट गंभीर होती. हरिबानं सांगितलं की या दुष्काळात अख्ख्या डोंगरात पाणी टिकलेलं ठिकाण एकच, खाली नदीच्या पात्रातला कपारीचा डोह, आणि तिथं मेंढपाळांशिवाय कुणी फिरकत नाही. कुणी फिरकत नाही हे ऐकून सुंदररावांना डोह न बघताच आवडला.

कोरड्या पात्रातले धोंडे तुडवत ते खाली उतरले. वळणावर झाडी दाट झाली, गारवा लागला आणि माणसांचे आवाज आले. डोहाच्या काठावर, दोन्ही पाय पाण्यात सोडून, आप्पाराव बसला होता. शेजारी त्याचे दोन संचालक, सटवा आणि मुंजाजी. मुंजाजी म्हणजे हरिबाचा धाकटा भाऊ. दर निवडणुकीला हे भाऊ एकेक गट वाटून घेत, म्हणजे कुणीही जिंकलं तरी घरातला एक जण सत्तेत असे. आप्पारावही सकाळपासून आपली माणसं लपवत फिरत होता, त्यालाही तहान लागली होती आणि वाट दाखवायला मुंजाजी होता. एका घरातल्या दोघांना पाण्याच्या दोन वेगळ्या जागा कुठून माहीत असणार?

दोन्ही पुढारी आधी एकमेकांवर माणसं फोडायला आल्याचा आरोप करून मोकळे झाले. मग सुंदररावांनी आपले तिघं डोहाच्या या काठाला बसवले, आप्पारावानं आपले दोघं त्या काठाला ठेवले. ही शिस्त भाकरी सोडेपर्यंत टिकली. सटवा बायनाबाईचा मावसभाऊ, त्याला तिच्या हातचा ठेचा ओळखू आला. हरिबा भावाशी एका आजारी मेंढीबद्दल बोलायला पलीकडं गेला. बद्रीनाथ तर जिकडं कांदा होता तिकडं सरकला. थोड्या वेळात पाचही जण एका सावलीत जेवत होते आणि दोन उमेदवार हातात भाकरी घेऊन, उभ्यानं, कोण कुणाशी काय बोलतंय ते ऐकायचा प्रयत्न करत होते.

हात धुऊन बायनाबाईनं सरळ विचारलं की आम्हाला इथवर कशाला आणलं. सोललेल्या टाचांनी सुंदररावांना खोटं सुचू दिलं नाही. कुणी फुटू नये म्हणून, असं ते म्हणाले.

"भाऊ," बायनाबाई म्हणाली, "काल घरी येऊन एकदा इचारलं असतं, तर च्या पाजून सांगितलं असतं, माझं मत तुमालाच हाय. पण तुमाला आमच्यावर इश्वास न्हाई. आता मलाबी इचार करावा लागंल."

बद्रीनाथनं मान हलवली. पलीकडं सटवा आप्पारावाकडं बघत होता, आणि आप्पारावाला पाण्यात काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं.

परतीच्या वाटेवर पाच जण हसत-बोलत पुढं निघाले आणि दोघं उमेदवार लंगडत मागं राहिले. आता मोजायला फक्त पाठी होत्या. सकाळपासून आपण सख्ख्या माणसांना चोरासारखं राखत आलो, याची सुंदररावांना मनापासून लाज वाटली. आप्पारावानं आपली काठी त्यांच्या हातात दिली. थोडं चालल्यावर तोच म्हणाला की त्यानं सुंदररावांच्या एकालाही फोडायचा प्रयत्न केला नव्हता. सुंदररावांनीही केला नव्हता. हे कळल्यावर वाट दोघांनाही आणखी लांब वाटू लागली.

सोसायटीत निवडणूक अधिकारी वारा घेत बसले होते. दोघं पोचले तेव्हा बायनाबाईचा अर्ज टेबलावर होता. सूचक हरिबा, अनुमोदक मुंजाजी. वेळ अजून उरली होती, म्हणून कारकुनानं दोन कोरे अर्ज पुढं सरकवले. सुंदररावांनी पेन उचललं आणि समोर बघितलं. त्यांच्या तिघांपैकी एकानंही नजर चुकवली नाही. चुकवली असती तर दगा झाला असं धरून त्यांनी अर्ज भरला असता. त्यांनी पेन खाली ठेवलं. आप्पाराव त्यांच्याकडंच बघत होता. त्यानंही कागद परत केला. बायनाबाई बिनविरोध निवडून आली.

खुर्चीत बसल्या बसल्या तिनं छावणीचा विषय काढला. गावात पाणी नाही, तेव्हा छावणी डोहाकाठी लावायची; पलीकडून बैलगाडीची वाट आहे, चारा तिकडून येईल, असं हरिबानं सांगितलं. सगळ्यांनी होकार दिला. मग देखरेखीला तिथं राहायचं कुणी, हा प्रश्न आला. बायनाबाईनं दोन्ही माजी उमेदवारांकडं बघितलं.

"तुमी दोघं ऱ्हावा," ती म्हणाली. "दिसभर नजर ठेवायचं तुमच्यावानी कुणाला जमत न्हाई. एक जनावर हलू देनार न्हाई तुमी."

सुंदररावांनी उत्तर देण्याआधी खाली वाकून वहाणा काढल्या आणि जायचं कधी, तेवढं विचारलं.