सोडलेलं पान

धाकटीने शिवणाचा खडू उचलला आणि कापडाऐवजी थेट टेबलावर लिहिलं, ३क्ष + ४ = २५. मग क्षच्या जागी सात घातले. तीन साते एकवीस आणि चार, पंचवीस. तिने वहीत पुन्हा पाहिलं. सातच लिहिले होते तिने, आणि त्या सातांवर ताईच्या लाल पेन्सिलीची भली मोठी फुली होती.

खरं तर बीजगणिताचं ते जुनं पुस्तक ती रद्दीत टाकायला निघाली होती. दवाखान्यातल्या लॅबच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, खिडकी पाचला बंद. पण काल रात्री जेवताना ताईने वहीतल्या गणितांचा निकाल देऊन टाकला होता, "वीसपैकी नऊ. या वर्षी नको गं, उगाच हसं होईल." धाकटीने मान डोलावली आणि ताटातला भात चिवडत बसली. प्रवेश परीक्षेत निम्मे गुण गणिताचे. नऊवर कोण घेणार?

ताई बटणं आणायला बाजारात गेली होती. पुस्तक गठ्ठ्यावर ठेवताना ते मध्येच उघडलं, नेमकं त्याच पानावर. 'पडताळा.' शिकवायला बसली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ताई म्हणाली होती, "हे पान सोड, परीक्षेत येत नाही." ताई शाळेत गणितात पहिली यायची. तिने सोड म्हटलं की सोडायचं, एवढंच धाकटीला ठाऊक. पानावर चार ओळी होत्या. मिळालेली किंमत समीकरणात ठेवून पाहा, दोन्ही बाजू सारख्या आल्या तर उत्तर बरोबर. बस, इतकंच! पुस्तकाची उत्तरांची पानं आधीच्या मालकानेच हरवलेली, तरी हिला कुणाला विचारायची गरजच नव्हती.

'ताईची पेन्सिल घसरली असेल,' म्हणून तिने दुसरं गणित घेतलं. ५क्ष − ९ = २क्ष + ६. तिचं उत्तर पाच. डावीकडे सोळा, उजवीकडेही सोळा. वर फुली.

मग ती एकेक करत गेली. शिवायला घेतलेला बँडवाल्यांचा निळा कोट बाजूला सारला, टेबल पांढरं होत गेलं. अकरा फुल्यांपैकी नऊ खोट्या निघाल्या. दोन चुका मात्र खऱ्या होत्या, आणि त्या सापडल्या तेव्हा तिला उलट हायसंच वाटलं. निदान तेवढं तरी खरं होतं. पाठीमागची पानं तिने चाळली. सुरुवातीच्या फुल्या सगळ्या रास्त. खोट्या फुल्या चौदा तारखेपासून सुरू झालेल्या. तेराला तिने अर्ज आणला होता.

ती दुपारची गणितं तिला आठवली. फुली मिळाली की ती पुन्हा सोडवायला बसायची आणि पुन्हा तेच उत्तर यायचं. तीन-तीनदा. ताई शेजारी हातशिलाई करत बसलेली असायची. "उत्तर सांगणार नाही मी, स्वतः शोध," म्हणायची. आणि हिने डोकं धरून म्हणायचं, "मी ढच आहे गं." ताई त्यावर कधी काही बोलली नव्हती.

"कोटाची काजं झाली का?" दारातून ताईने विचारलं. बटणांची पुडी तिने टेबलावर ठेवली आणि हात तिथेच राहिला. टेबलभर खडूचे आकडे होते, डावी बाजू, उजवी बाजू, आणि शेजारी उघडी वही.

मग ताई खुर्चीवर बसली.

"चाळीस कोट आहेत," ती म्हणाली. "मी एकटी काय करणार होते?"

"मग तसं सांगायचं. नको जाऊस म्हणायचं. मी थांबले असते, ताई."

"माहीत आहे."

"मग?"

ताई पुडीची गाठ सोडू लागली. सुटेना. "तू माझ्यासाठी थांबली असतीस. मग जन्मभर ते माझ्या डोक्यावर बसलं असतं. ताईपायी राहिलं, असं."

"आणि मी ढ म्हणून राहिले, हे चाललं असतं तुला?"

ताईने गाठ तोडली, आणि बटणं घरंगळत खडूच्या आकड्यांवर पसरली.

धाकटीचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. आई गेल्यावर ताईच्याच मांडीवर डोकं ठेवून ती झोपली होती. जगात एका माणसाने लाल पेन्सिल हातात धरली तर आपण डोळे झाकून मान खाली घालावी, ते माणूस हेच. तिने पदराने नाक पुसलं, अर्ज घेतला, वही घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

"त्या कोटाला बाह्या लावायच्यात अजून," ताई मागून म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

"लाव तू."

दवाखान्याच्या खिडकीपुढे सात-आठ जण होते. रांगेतच, वही खाली धरून तिने अर्ज भरला. तिची पाळी आली तेव्हा पावणेपाच झाले होते. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"घाईत भरलेला दिसतोय. कुणाकडून तरी तपासून घेतलात का?"

"तपासलाय," धाकटी म्हणाली. "मीच."