सात नव्हे, पाच!

अंधेरीला आमच्या चाळीच्या गणपतीत मला नकलांसाठी स्टेज मिळालं, त्या संध्याकाळी मी आनंदाच्या भरात न जेवताच मांडवात जाऊन बसलो! चार वर्षं चिटणीस मार्तंडरावांच्या मागे लागलो होतो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "दत्ताराम, दहा मिनिटं देतो. लोक हसले नाहीत तर पडदा पाडणार आणि पुन्हा स्टेजचं नाव काढायचं नाही."

मी दुसऱ्या कुणाची नक्कल करत नाही. देवाने मला असा काडीसारखा घडवलाय, की माझी मलाच पुरते.

पडदा वर गेला. "मंडळी, दिसत नसेन तर शर्टाकडे बघा, मी त्याच्या आत आहे!"

कुणी हसेना. पुढच्या रांगेतल्या आजी तर "अगं बाई, बिचारा!" म्हणाल्या. लोकांना कीव आली की विनोद संपलाच. विंगेत मार्तंडरावांनी पडद्याची दोरी हातात घेतली.

मी हुकमाचा पत्ता टाकला. "आजवर सात मुली पाहिल्या. सातही जणींनी नाकारलं! सातवीच्या घरून तर पोहे यायच्या आधी नकार आला!"

"खोटा बोलता तो!"

बायकांमधून माझी आई उठली होती. माझं लग्न जमवायला ती कालच मालवणहून आली होती. नकला तिने कधी पाहिल्या नव्हत्या. चारचौघांत बोललेलं ते खरंच, एवढंच तिला ठाऊक.

"सात नाय, पाच! दोन चेडवांका आमीच नको म्हटला!"

मांडवात एकच हशा उसळला! मी हात जोडले. "चुकलो आये, पाच!"

"आनि त्या पाचव्याक चष्मो व्हतो!"

"मंडळी, तिने तो काढून ठेवला, तरी नाकारलं!"

मग काय विचारता! पंचवीस मिनिटं लोक पोट धरून हसत होते. दोरी सोडून मार्तंडरावही डोळे पुसत होते. गोरेगावच्या मंडळाचा माणूस विंगेतच येऊन म्हणाला, "उद्या आमच्याकडे या. आईंना घेऊनच या!"

घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी विचारलं, "आये, त्या दोघी खंयच्या गो? माका आठवणत नाय."

आई चालता चालता थांबली.

"खंयच्याच नाय. सातय जणींनी नको म्हटलेला. पण एवढ्या माणसांत माझ्या झिलाची नाचक्की मी बसान ऐकू?" तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "उद्या पाचच सांग."